एचआयव्हीसह वयात येणाऱ्या मुली : औषधापलीकडील जबाबदारी

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. यंदासाठी निवडलेला विषय घरात सहसा न बोलला जाणारा आहे. जन्मतः अथवा पुढे एचआयव्हीची लागण झालेल्या मुली आता वयात आल्या आहेत. त्यांचे प्रजनन आरोग्य, विवाह आणि मातृत्व यांविषयी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांना नेमकी माहिती असावी, हा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकीय बाबी त्याने डॉक्टरांकडून समजावून घेतल्या आहेत. प्रत्यक्ष उपचारासाठी अर्थातच डॉक्टरांचा सल्ला हाच अंतिम होय.

पार्श्वभूमी

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नई येथे झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. मात्र पुढील बारा वर्षे सर्वसामान्य रुग्णाला परवडेल असे औषध नव्हते. अशा काळात, १९९७ साली, विजयाताई लवाटे यांनी पुण्यात एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘मानव्य’ ही संस्था उभी केली. त्या वेळी अशा बालकांच्या विसाव्या वर्षाचा विचार करण्याचे धाडस फारसे कोणी करीत नसे.

१ एप्रिल २००४ पासून शासनाने निवडक रुग्णालयांत मोफत एआरटी औषधे देण्यास प्रारंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. ३० नोव्हेंबर २००६ रोजी बालकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. २०१७ पासून, रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आले. पूर्वी दिवसातून दोन वेळा मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. आता बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा पुरते.

२००५ साली बाधित जन्मलेली आणि वेळेवर उपचार मिळालेली मुलगी आज विशी ओलांडून गेली आहे. ती काम करते, तिच्यासाठी स्थळे येतात, तिला मूल हवे असते. औषधयोजनेचे हे मोठे यश आहे आणि पुढील जबाबदारी याच यशातून निर्माण झाली आहे.

आपल्या परिसराचे वेगळेपण

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर आपले नरपड वसले आहे. एका बाजूस चिकूच्या वाड्या व मच्छीमार वस्त्या, तर पूर्वेस डोंगराळ भागात आदिवासी पाडे. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि सीमेपलीकडे उंबरगाव, वापी येथील कारखाने आहेत. कोणी बोटीवर खलाशी म्हणून जातो, कोणी वाडीत मजुरी करतो, तर अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करून पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

या जीवनक्रमाचा उपचारावर थेट परिणाम होतो. कुटुंब भट्टीवर गेले की मुलगीही जाते आणि औषधाची तारीख हुकते. राज्याची सीमा ओलांडली की केंद्र बदलते, कागदपत्रे मागे राहतात. निघण्यापूर्वी एआरटी केंद्रात सांगितल्यास जादा दिवसांची औषधे अथवा मुक्कामाच्या गावाजवळील केंद्राशी जोडणी यांचा मार्ग काढता येतो. परंतु हे सांगायला मुलीने एकटीने केंद्रात जावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते आणि ‘कुठे गेली होतीस?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

वयात येताना

ज्या बालकांचे उपचार उशिरा सुरू झाले त्यांची उंची व वजन कमी राहू शकते आणि मासिक पाळीही उशिरा येऊ शकते. बरोबरीच्या मैत्रिणी वयात आल्या आणि आपण मागे राहिलो, ही खंत अशा मुलीला आतून पोखरते. तिला ‘हे औषधाने सावरते’ असे वेळीच सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न आजार सांगण्याचा. शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या समजेनुसार, टप्प्याटप्प्याने स्वतःच्या आजाराची माहिती द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आपल्याकडे मात्र आजी अथवा मावशी ‘ही शक्तीची गोळी आहे’ असे सांगून वेळ निभावून नेते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ‘मला आता अशक्तपणा नाही’ असे म्हणून गोळी थांबवते, तेव्हा त्या मायेचाच अडसर होतो. जगभरचा अनुभव असा आहे की, उपचारात खंड पडण्याचा धोका लहान मुले व प्रौढ यांच्यापेक्षा किशोरवयात अधिक असतो. खंड पडला की विषाणू वाढतो आणि पुढे तेच औषध लागू पडेनासे होऊ शकते.

विवाह, गर्भनिरोधन आणि मातृत्व

२०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी होती. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित होता. पुणे हे त्या अभ्यासाचे एक केंद्र होते. बाधित जोडीदाराचे उपचार लवकर सुरू केल्यास त्याच्याकडून होणारे संक्रमण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले. पुढील अभ्यासांनी हे अधिक स्पष्ट केले. नियमित औषधाने रक्तातील विषाणूभार आढळण्याच्या पातळीखाली राहिला, तर लैंगिक संबंधातून संक्रमण होत नाही. विवाहापूर्वी दोन्ही बाजूंनी परस्परांना विश्वासात घेणे आवश्यकच आहे. त्या संवादात भीतीऐवजी ही माहिती हाताशी असावी.

गर्भनिरोधनासाठी निरोधबरोबर आणखी एक साधन वापरावे. निरोधमुळे इतर लैंगिक आजारांपासूनही संरक्षण मिळते. तांबी, तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या शासकीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो व डोल्युटेग्रॅव्हिरची मात्राही वाढवावी लागते. म्हणून कोणती औषधे चालू आहेत हे प्रत्येक डॉक्टरला सांगणे मुलीच्या हिताचे आहे.

डोल्युटेग्रॅव्हिरबाबतचा एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०१८ मध्ये आफ्रिकेतील बोट्स्वाना देशातून आलेल्या प्राथमिक आकडेवारीने या औषधामुळे गर्भाच्या मज्जारज्जूत दोष संभवतो अशी शंका निर्माण केली आणि अनेक देशांत तरुण स्त्रियांना हे चांगले औषध देण्याबाबत हात आखडता घेतला गेला. अधिक नोंदी हाती येताच तो धोका पूर्वी वाटला त्यापेक्षा फारच कमी असल्याचे दिसले आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसह सर्वांसाठी त्याची शिफारस केली. स्त्रीच्या वतीने परस्पर निर्णय न घेता, उपलब्ध माहिती तिच्यापुढे ठेवून तिला निवड करू द्यावी, हा त्याचा बोध.

मातृत्वाविषयी आकडे बोलके आहेत. कोणताही उपचार नसल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने गरोदरपणी, बाळंतपणात व स्तनपानाच्या काळात औषध नियमित घेतले आणि बाळाला जन्मानंतर किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध दिले, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून सुरू होते आणि अंतिम निष्कर्ष अठराव्या महिन्यात मिळतो. या दीड वर्षात एकही फेरी चुकू नये, यासाठी आशाताई व आरोग्यसेविका यांचे सहकार्य मोलाचे ठरते.

येथे एक बारीकशी, पण महत्त्वाची सूचना. गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर घेतल्यास ते औषध शरीरात कमी शोषले जाते. ही औषधे जेवणासोबत एकत्र घ्यावीत, अथवा एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

गर्भाशयमुखाचा कर्करोग

एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे सहापट असतो. म्हणून सर्वसाधारण स्त्रियांची तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होत असली, तरी या स्त्रियांची पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये अशा तपासणीचे अभ्यासपूर्ण काम केले आहे. प्रतिबंधक लसही उपलब्ध असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही स्वदेशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. बाधित मुलींसाठी शक्यतो तीन मात्रा द्याव्यात, असे तज्ज्ञ सुचवतात.

कायद्याने दिलेले संरक्षण

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आजाराची वाच्यता करता येत नाही आणि शिक्षण, नोकरी वा उपचारात भेदभाव करता येत नाही. गरोदर बाधित स्त्रीची संमती घेतल्याशिवाय तिचा गर्भपात अथवा नसबंदी करण्यास मनाई आहे. आईवडील नसलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचे समंजस भावंड धाकट्यांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार इत्यादी कामे करू शकते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे.

अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्यास पोलिसांना कळवणे कायद्याने आवश्यक आहे. तथापि गर्भपातासाठी आलेल्या मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांना तिची ओळख उघड करावी लागत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. या भीतीपोटी कोणत्याही मुलीने अप्रशिक्षित व्यक्तीकडे जाऊ नये.

नातेवाईकांचे नेहमीचे प्रश्न

*एका ताटात जेवल्याने, एकाच न्हाणीघरामुळे लागण होते का?* नाही. स्पर्श, अन्न, भांडी, कपडे, डास यांतून हा विषाणू पसरत नाही.

*गोळ्या कायम घ्याव्या लागतील का?* होय. आजार बरा होत नाही, परंतु नियमित गोळीने आयुष्य इतरांसारखेच दीर्घ होऊ शकते.

*बाळाला आईचे दूध द्यावे का?* औषध नियमित घेणाऱ्या आईने पहिले सहा महिने फक्त स्वतःचे दूध द्यावे, हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. आपल्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

*सासरी जाताना गोळ्यांचे काय?* हा प्रश्न प्रवासाच्या आदल्या दिवशी न विचारता लग्न ठरतानाच समुपदेशकाला विचारावा. डबीतील गोळ्यांचा आवाज होतो म्हणून गोळी बंद करणाऱ्या मुली असतात. त्यावर साधे उपाय आहेत, पण मुलीने ते विचारावेत इतका विश्वास आधी निर्माण व्हावा लागतो.

देणगीचा विनियोग कोठे?

अनेक हितचिंतक विचारतात की, औषध जर शासन मोफत देते, तर धर्मादाय संस्थेने काय करायचे? उत्तर असे की, गोळी मुलीच्या हातात पोहोचणे आणि ती दररोज पोटात जाणे, या दोहोंमध्ये प्रवासभाडे, बुडालेली मजुरी, पोटभर जेवण, दार बंद करून बोलता येईल अशी खोली आणि तिच्या बोलीत बोलणारी समुपदेशक या गोष्टी येतात. यांतील एकही गोष्ट महागड्या यंत्राएवढी खर्चिक नाही. परंतु यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, बसभाड्यावर कोरता येत नाही. म्हणून या बाबींसाठी निधी मिळवणे अवघड जाते.

या लेखात आपल्याकडील अशा मुलींची संख्या मुद्दाम दिलेली नाही व छायाचित्रही छापलेले नाही. पन्नास उंबऱ्यांच्या पाड्यात ‘एक’ हा आकडाही नाव सांगून जातो. हिशेब मात्र चोख ठेवता येतो. मदतीच्या पावतीवर नावाऐवजी क्रमांक घालावा, क्रमांकांची यादी एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या कुलूपबंद ताब्यात असावी आणि लेखापरीक्षकाने ती तेथेच पाहावी. बाह्यरुग्ण विभागात वेगळी पाटी नसावी, केसपेपरवर वेगळी खूण नसावी. या मुलींसाठी गोपनीयता हा उपचाराचाच भाग आहे, कारण ती मोडली की मुलगी येणे थांबवते आणि गोळीही थांबते.

देणगीदारांनी छायाचित्राशिवाय आणि नावाशिवाय विश्वास ठेवावा, विश्वस्तांनी प्रवास, आहार व समुपदेशन यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी आणि नातेवाईकांनी घरातील मुलीशी तिच्या आजाराविषयी वेळीच, खरे व मायेने बोलावे, अशी नम्र विनंती आहे. 

— प्रशासकीय अधिकारी