आधी ऐकणाऱ्या जमव

अगं, तुझा मेसेज वाचला आणि आधी हसूच आलं. 'मला काही लिहिता येत नाही' हे सांगायला तू चक्क दीड पान लिहिलंस!

बघ, तुझं अडलंय ते ऐकणाऱ्यांवाचून. नवऱ्याला वाचून दाखवलं की तो 'छान आहे' म्हणतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. मैत्रिणी टाळ्यांची चित्रं पाठवतात. गोष्ट पोचली की नाही, ते तुला कळतच नाही. म्हणून म्हणते, आपल्या रायपूरच्या शंकर नगरातल्या, नाहीतर जवळपासच्या चार-पाच लिहित्या बायका जमव. कुणाच्याही हॉलमध्ये, महिन्यातला एक शनिवार धरून. खायला फक्त चहा-चिवडा, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाका, नाहीतर लिखाण बाजूला राहतं आणि पदार्थांची चढाओढ लागते.

वार ठरला ना, की शुक्रवारी रात्री ओटा पुसून झाल्यावर वही आपोआप उघडते. रिकाम्या हाताने जायची लाज वाटते गं, दुसरं काही नाही.

आणि मोठ्याने वाच. जीभ जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण कर, बहुतेक वेळा वाक्य तिथेच बिघडलेलं असतं. मध्येच कुणी विचारेल, 'थांब, ही आत्या कुठून आली?' तेव्हा कळतं की आत्या तुझ्या डोक्यात होती, कागदावर आणायची राहिली. माझ्या एका कवितेत धो-धो पाऊस आणि टिपूर चांदणं एकाच रात्री होतं. एकीने चिवडा खाता खाता विचारलं, 'ढगातून दिसलं कसं गं?' तेव्हा रागच आला होता, पण चांदणं काढलं आणि कविता सुधारली. बाकीच्या बोलत असताना वाचणारीने सफाई द्यायची नाही, गप्प ऐकायचं. हे सर्वांत अवघड, आधीच सांगून ठेवते.

हे खूळ काही माझं नाही. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ असंच जमलं होतं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवी, नाट्यछटा लिहिणारे दिवाकर, आणि त्यांच्यात एक बाई, मनोरमाबाई रानडे. कविता एकमेकांना ऐकवायच्या, म्हणून दाखवायच्या, आणि मिळून पुस्तकं काढायची. एकट्यादुकट्याला छापणं कुठलं परवडायला? लोक हसतीलच म्हणतेस, तर ते हसलेही. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'त अशा कवितांची यथेच्छ टिंगल केली. पण यशवंत-गिरीशांच्या कविता पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळेत पाठ झाल्याच ना?

तुझी दुसरी काळजी मात्र मला पटते. 'आमची रायपूरची मराठी, अर्धी हिंदी, कुणासमोर वाचू?' अगं, इथे सगळ्यांचीच तशी! तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांत जाऊन ऐक, 'सब्जी आणली का' असंच विचारतात. कवी मुक्तिबोधांचं बघ. मातृभाषा मराठी, लिहिलं हिंदीत, आणि सख्खे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. मुक्तिबोध राजनांदगावला कॉलेजात शिकवत होते, तेव्हा विनोदकुमार शुक्ल नावाचा तरुण त्यांना आपल्या कविता दाखवायला गेला. मुक्तिबोधांमुळे त्या 'कृति' मासिकात छापून आल्या. त्याच शुक्लांना पुढे आपल्या रायपुरात राहून ज्ञानपीठ मिळालं. तुला ज्ञानपीठ मिळेल असं नाही म्हणत मी, लगेच हवेत जाऊ नकोस! पण वही कुणापुढे तरी उघडावी लागते, ती त्यांनाही लागली.

सगळ्याच गटांत मन रमतं असं नाही हं. एखादी स्वतःचंच वाचत बसते, दुसरीची पाळी येऊ देत नाही. एखादी नुसतं 'वा वा' करते, ती तर त्याहून निरुपयोगी. दोन-तीन बैठका बघ, नाही जमलं तर सरळ निघून ये, भिशी थोडीच आहे ती पुरी करायला!

मुलांची ट्यूशन, सासूबाईंचा चारचा चहा, हे सगळं तुझ्यामागे आहे, ठाऊक आहे मला. चहाचं आधण सासऱ्यांना टाकायला सांग, त्यांना येतं. आणि वहीतूनच वाच बाई, मोबाइलवरून नको. ऐन रंगात आलीस की घरून फोन येतो, 'जिरं कुठे ठेवलंय?'