विद्यार्थ्याचे पहिले क्रेडिट कार्ड

क्रेडिट कार्ड म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेकडून मिळणारी उसनवारी. डेबिट कार्डावर खर्च होतो तो खातेदाराचाच पैसा. क्रेडिट कार्डावर बँकेचा पैसा खर्च होतो आणि बिलाच्या देय तारखेपर्यंत तो पूर्ण परत केला तर व्याज लागत नाही. कमाई नसलेल्या मुलाला किंवा मुलीला अशी उसनवारी हवीच कशाला, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. खर्चासाठी ती नकोच. वडापावपासून परीक्षा शुल्कापर्यंत सगळे यूपीआयवर भागते. विद्यार्थिदशेत कार्ड घेण्याचे सबळ कारण एकच: स्वतःच्या नावावर पतइतिहास तयार होणे.

कार्डाचे बिल वेळेवर भरले की नाही, याची नोंद सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतमाहिती कंपन्यांकडे जाते. त्यावरून सिबिलचा ३०० ते ९०० दरम्यानचा गुणांक ठरतो. पुढे वाहनकर्ज, गृहकर्ज मागताना तो पाहिला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असते. नोकरीशी त्याचा असलेला संबंध मात्र घरोघरी माहीत नसतो. सार्वजनिक बँकांच्या भरतीत उमेदवाराचा पतव्यवहार स्वच्छ असावा अशी अट आढळते. थकबाकीच्या नोंदींमुळे स्टेट बँकेने एका निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा तो निर्णय कायम ठेवला. बँकिंगच्या परीक्षांची तयारी करणाऱ्याने कार्ड घेण्याआधी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

कार्डासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, पॅन आणि आधार लागतात. साधे कार्ड उत्पन्न पाहून मिळते, त्यामुळे विद्यार्थ्यासमोर प्रत्यक्षात दोनच वाटा उरतात. पहिली, आई किंवा वडिलांच्या कार्डावर पुरवणी कार्ड. ते सोयीचे असते, पण बिल मूळ कार्डधारकाच्या नावे निघते आणि इतिहासही साधारणपणे त्याच्याच खात्यात जमा होतो. दुसरी वाट मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाची, आणि बहुतेकांसाठी हीच योग्य. विद्यार्थ्याच्या नावे काही हजारांची ठेव ठेवायची. तिच्या बहुतांश रकमेइतकी मर्यादा कार्डावर मिळते आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. ठेव त्याच बँकेत असावी लागते, त्यामुळे गावच्या पतसंस्थेतली पावती इथे कामाची नाही. बिल थकले तर बँक ठेवीतून वसुली करते. तरीही हप्ता चुकल्याची नोंद व्हायची ती होतेच. ठेव बँकेचे रक्षण करते, विद्यार्थ्याच्या गुणांकाचे नाही.

कार्ड निवडताना जाहिरातीतले रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरचे लाउंज बाजूला ठेवावेत. महिन्याला दोन-तीन हजार खर्च करणाऱ्याला त्यांतून मिळते ते नगण्य. वार्षिक शुल्क आहे का, ‘पहिल्या वर्षी मोफत’ की कायमचे मोफत, आणि मासिक व्याजदर किती, एवढे आधी पाहावे. यूपीआयला जोडायचे असेल तर रुपे कार्ड घ्यावे लागते. मात्र स्कॅन करून पैसे देण्याची सवय आणि उधारीचा पैसा एकत्र आले की खर्चाचा हिशेब सुटतो, म्हणून पहिल्या वर्षी ती जोडणी टाळलेली बरी.

खरी गोम बिलावरच्या ‘किमान देय रक्कम’ या ओळीत असते. ही रक्कम बहुधा थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि ती भरली की दंड टळतो, म्हणून ती भरून मोकळे व्हावेसे वाटते. समजा, बिल २०,००० रुपयांचे आहे, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि विद्यार्थ्याने किमान रक्कम म्हणून १,००० भरले. उरलेल्या १९,००० वर महिन्याचे व्याज ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १२० रुपये. म्हणजे पुढच्या महिन्यात भरलेल्या १,००० पैकी जेमतेम २१५ रुपये मुद्दलात जातात. प्रत्यक्षातला आकडा याहून वाईट निघतो, कारण बाकी राहिली की व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. साडेतीन टक्के हा आकडा लहान भासतो; वर्षाचा हिशेब ४२ टक्क्यांवर जातो. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

यावर उपाय साधा आहे. बचत खात्यातून पूर्ण बिलाची आपोआप वजावट लावून द्यावी, किमान रकमेची नव्हे. मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा. मोबाइल रिचार्ज, एखादे पुस्तक इतका वापर इतिहास तयार व्हायला पुरतो. तारीख हुकलीच तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही की खाते थकीत म्हणून कळवता येत नाही. या सवलतीच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. पालकांनी मुलाबरोबर बसून तो एकदा वाचावा. रोज खर्च तपासत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

न मागता कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच धरले जाते, म्हणून संशय येताच कार्ड ॲपवरून बंद करावे. कार्ड नकोसे झाले तर सगळी बाकी फेडून लेखी विनंती करावी. बँकेने ती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते. न केल्यास खाते बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.