मुळाच्या दारावरची ओळखपरेड

‘रायझोबियम हे जिवाणू कडधान्यांच्या मुळांत शिरतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात.’ बारावीच्या इंग्रजी उत्तरपत्रिकांत या अर्थाचं वाक्य मला दरवर्षी भेटतं. गुण मी देतो, पण त्यातल्या ‘शिरतात’ या क्रियापदाशी माझं भांडण आहे. बहुतेक कडधान्यांत जिवाणू परस्पर शिरत नाही. त्याला आत घेतलं जातं, आणि त्याआधी त्याची कसून ओळख पटवली जाते. ती कशी, हे आज पाहू.

कॅडेट मित्रांनो, सुरुवात रोपाकडून होते. जमिनीत नायट्रोजन कमी असेल तर मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं मातीत सोडतात. जिवाणूतलं नॉड-डी हे प्रथिन ती ओळखतं आणि काही जनुकं चालू करतं. मग जिवाणू उत्तरादाखल एक रेणू तयार करतो. त्याला नॉड घटक म्हणतात. चार-पाच शर्करा-एककांची साखळी आणि तिच्या एका टोकाला मेदाम्लाची शेपटी, अशी त्याची घडण. फ्रान्समधल्या तुलूझच्या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ती उलगडली, तेव्हा त्यांच्यासमोर लसूणघासाचा जिवाणू होता. त्याच्या रेणूवर एक सल्फेट गट असतो. तेवढा गट नसला की लसूणघास त्या रेणूला दाद देत नाही. आपण पहाऱ्यावर परवलीचा शब्द विचारतो, तसंच हे; एक अक्षर चुकलं तरी दार बंद.

हा रेणू ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, मूलरोमाच्या पेशीपटलात बसलेले असतात. लोटस जपॉनिकस या छोट्या रोपात डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातील संशोधकांनी 2003 मध्ये अशी दोन प्रथिनं शोधली: एनएफआर-1 आणि एनएफआर-5. दोघांचा एक भाग पेशीबाहेर असतो. त्यात लायसएम नावाच्या तीन घड्या असतात आणि नॉड घटक पकडण्याचं काम या भागाकडे असतं. दुसरा भाग पेशीच्या आत असतो आणि निरोप पुढे पाठवतो. दोघांपैकी एक जरी निकामी झालं तरी गाठी येत नाहीत.

दोन्ही जागच्या जागी असली, की पेशीच्या केंद्रकाभोवती कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक अंतराने वरखाली होऊ लागतं. मूलरोम टोकाशी वाकतो आणि जिवाणूंना वेढ्यात घेतो. तिथून आत जाणारी एक बारीक नळी तयार होते. ती नळी रोप स्वतः बांधतं, हे विशेष. तिच्या वाटेवर आतल्या पेशी विभागून गाठ तयार होत असते.

इथे एक गल्लत टाळा. ग्राहीला चिकटतो तो रेणू, अख्खा जिवाणू नव्हे. जिवाणू मूलरोमाला धरून राहतो तो वेगळ्या साधनांनी. मुळांवरची लेक्टिन नावाची प्रथिनं हे त्यातलं एक. 1989 मध्ये वाटाण्याच्या लेक्टिनचं जनुक पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांत घातल्यावर वाटाण्याचे जिवाणू क्लोव्हरलाही चालू लागले.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. नॉड घटकाचा कणा ज्या शर्करेचा आहे, त्याच शर्करेची लांब साखळी म्हणजे कायटिन, आणि बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते. म्हणजे मित्राचा आणि शत्रूचा गणवेश एकाच कापडाचा! लोटसमध्ये कायटिन ओळखणारा ग्राही हा एनएफआर-1 चा अगदी जवळचा भाऊबंद. एकाने निरोप दिला की स्वागताची तयारी, दुसऱ्याने दिला की बचावाची. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हा फरक मुख्यतः पहिल्या लायसएम घडीतल्या दोन छोट्या तुकड्यांवर ठरतो.

दार उघडलं म्हणून तपासणी संपत नाही. जिवाणूच्या अंगावरच्या शर्करांचं आवरण तपासणारा ईपीआर-3 हा आणखी एक ग्राही 2015 मध्ये सापडला. सोयाबीन तर आत घेतल्यावरही लक्ष ठेवतं: नायट्रोजन न देणाऱ्या गाठींतले जिवाणू तिथे कमी वाढतात, असं 2003 च्या एका प्रयोगात दिसलं.

अपवादही आहेत. भुईमुगात जिवाणू मूलरोमातून येत नाहीत. उपमुळं फुटतात तिथल्या फटींतून येतात. एस्किनोमिनी या वंशातल्या काही वनस्पतींना तर नॉड घटक न बनवणारे जिवाणूही चालतात. ते काय दाखवून आत जातात, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी पुढे हाती घेतला तर मला आनंद होईल.

ज्या पालकांची शेती आहे, त्यांच्यासाठी यात रोकडा हिशेब आहे. जिवाणू संवर्धनाची पाकिटं पिकाच्या गटानुसार वेगळी असतात ती या ओळखीमुळेच. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चोळलं तर पैसे आणि मेहनत दोन्ही वाया. सोयाबीन पहिल्यांदाच पेरत असाल तर त्याचे जिवाणू जमिनीत बहुधा नसतात, म्हणून तिथे योग्य पाकीट जास्तच महत्त्वाचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, संवर्धन सगळ्यात शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात, मग कसली ओळखपरेड!

सुट्टीत घरी जाल तेव्हा फुलोऱ्यावर आलेलं मुगाचं किंवा चवळीचं एक रोप खुरप्याने खणून काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसला तर ते लेगहिमोग्लोबिन, म्हणजे गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर ती एकतर अजून तयार व्हायची आहे, किंवा तिचं काम थांबलं आहे. दहा गाठी फोडा, रंग वहीत लिहा आणि वही वर्गात घेऊन या.