काडी हातात घेऊन बघा

लाकडी बाणांकडे वळणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो : सगळ्यांत चांगलं लाकूड कोणतं? इंग्लंडमध्ये लाँगबोची, म्हणजे लांब धनुष्याची, तिरंदाजी करायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता मी झाडाचं नाव सांगतच नाही. ‘काडी दाखव’ म्हणतो.

वाद जुनाच आहे. रॉजर ॲस्कम यांचं तिरंदाजीवरचं पुस्तक ‘टॉक्सोफिलस’ १५४५ साली छापून आलं. युद्धाच्या बाणांसाठी त्यांनी ॲशला पसंती दिली, कारण ते लाकूड जड आणि त्याचा मारा जबर. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ हे आठव्या हेन्रीचं जहाज बुडालं. उत्खननात त्यातून हजारो बाण निघाले आणि त्यांतले बहुतेक निघाले पॉप्लरचे! पुस्तक एक सांगतं, भाता दुसरंच.

मला शहाणपण आलं ते दुसऱ्याच्या जखमेवरून. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एकाचा बाण दोरी सोडताक्षणी फाटला आणि मागचा तुकडा, दोरीच्या जोरानेच, धनुष्य धरलेल्या हातात अंगठ्याच्या मुळाशी घुसला. काडी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, सुतारकामासाठीची. गोल, गुळगुळीत, दिसायला अगदी सरळ. नंतर आम्ही तुकडे जुळवून पाहिले. लाकडाच्या रेषा लांबीने न धावता तिरक्या जात होत्या आणि दोन-तीन इंचांत कडेला येऊन संपत होत्या. फाट नेमकी तिथूनच गेली होती. यंत्र फळी कापतं आणि तिची गोल काडी करतं. रेषा कुठे चालल्यात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जुने कारागीर ओंडका रेषेवरून फाडून काड्या काढत, ते उगाच नव्हे.

म्हणून दुकानात काडी हातात घ्या आणि उजेडात फिरवून बघा. रेषा जवळपास टोकापासून टोकापर्यंत अखंड दिसायला हव्यात. गाठ असेल तर ठेवून द्या, मग ती कितीही बारीक असो. टेबलावर लोळवून बाक तपासा. थोडा बाक तळहाताच्या उबेने नि दाबाने निघतो, पण तिरकी रेषा कशानेच सुधारत नाही.

यानंतर ताठरपणा. लाँगबोवर बाण दांड्याच्या बाजूने जातो, त्यामुळे सुटताना त्याला वाकून धनुष्याला वळसा घालावा लागतो. दोन आधारांत २६ इंच अंतर ठेवून काडीच्या मध्यावर २ पौंडांचं वजन टांगतात आणि काडी जितके इंच वाकेल त्याने २६ला भागतात. अर्धा इंच वाकली तर ५२ पौंड. हा आकडा आपल्या धनुष्याच्या ओढीशी जुळायला हवा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे, आणि बिचारा वर्षभर स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो. डझनभर काड्या घेताना त्या वजनातही जुळत्या घ्या.

आता नावं हवीच असतील तर : अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरचा पोर्ट ऑरफर्ड सीडर. हलका, सरळ रेषांचा, आणि कापताना आल्यासारखा वास येतो (मला तर तेवढ्यासाठीच आवडतो). पण तो महाग आणि निवडक माल मिळणं कठीण. सिटका स्प्रूस हलकाच, तरी चिवट. डग्लस फर थोडा जड. ॲश दणकट, पण हलक्या धनुष्यावर तो घेऊन लांबचं लक्ष्य गाठायला जाऊ नये.

काडी निवडून झाली की मागच्या टोकाला दोरी बसवायची खाच पाडताना ती वार्षिक वलयांच्या रेषांना आडवी पाडा. रेषेच्या दिशेने पाडलीत तर दोरीच पाचरीसारखी काडी चिरते. काडीच्या एका बाजूला रेषा संपताना टोकदार नक्षी दिसते. वरच्या अंगाला तिची टोकं पुढे, लक्ष्याकडे असू द्या.

आणि प्रत्येक फेरीआधी बाण चेहऱ्यापासून दूर धरून चहूबाजूंनी हलका वाकवा. कडकड ऐकू आली, किंवा बाण लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर आदळला असेल आणि अणीमागे बारीक चीर दिसली, तर डिंक लावत बसू नका. तिथेच मोडून दोन तुकडे करा, अणी काढून घ्या. अख्खा टाकलात, तर कुणीतरी नवशिका तो उचलून आपल्या भात्यात ठेवतो.