भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि मावशींचा टायफॉइड

प्रश्न : आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींना दिवाळीआधी टायफॉइड झाला होता. आता त्या खणखणीत बऱ्या आहेत, भिंतीवर त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्रही लावलंय. तरी त्यांच्या हातून आम्हाला लागण होऊ शकते का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : होऊ शकते, पण शक्यता थोडी. टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, माणसाच्याच आश्रयाने जगतो. ताप उतरल्यावरही काही आठवडे तो शौचावाटे बाहेर पडत राहतो. शंभरातल्या एक ते पाच जणांच्या पित्ताशयात मात्र तो वर्षानुवर्षं बिऱ्हाड करतो. पित्तखडे असले तर त्याचं अधिकच फावतं. अशा वाहकाला स्वतःला काहीच होत नाही.

न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच धडधाकट होती. १९०६ साली ऑयस्टर बे इथल्या एका बंगल्यात अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याने माग काढला, तेव्हा तिने आधी काम केलेल्या घरांतही हाच ताप येऊन गेल्याचं दिसलं. शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात. संशय गेला तो कच्ची पीच चिरून घातलेल्या आइस्क्रीमवर. तिला बेटावर डांबलं, १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. पण दुसऱ्या कामांत तेवढा पैसा कुठला? नाव बदलून ती एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये तिथे २५ जण आजारी पडले, दोघे दगावले. तिला पुन्हा बेटावर नेलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच राहिली. शहरात तेव्हा इतरही वाहक मोकळे फिरत होते, त्यामुळे सगळं पाप तिच्याच माथी मारणं मला पटत नाही.

आता प्रमाणपत्र. आपल्याकडे अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस नियमाने लागते. लस जरूर घ्यावी. पण जंतू रोज पडत नाही, त्यामुळे शौचाच्या एकाच तपासणीत तो सहज निसटतो. रक्ताची विडाल चाचणी तर वाहक कोण हे ठरवायच्या कामाचीच नाही. शिवाय मार्चमध्ये तपासलेल्या माणसाला जूनमध्ये जुलाब झाले, तर कागद काय करणार? नेमाने केलेल्या अशा तपासण्यांचा फारसा उपयोग नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८९ मध्येच म्हटलं होतं.

नावावरून गोंधळ नको : अंडी-कोंबडीतून येणाऱ्या साल्मोनेलाची तऱ्हा टायफॉइडच्या जंतूहून निराळी. जुलाब थांबल्यावर साधारण पाचेक आठवडे तो पडतो, मग बहुतेकांच्या पोटातून जातो.

मावशींची शौचाची तपासणी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करून घ्यावी. जंतू सापडलाच, तर महिनाभराच्या प्रतिजैविकांनी बहुतेक वाहक मोकळे होतात. तोवर कोशिंबीर आणि चटणी दुसऱ्या कुणी करावी, मावशींनी भाजी-आमटी उकळावी. आणि मेसच्या मालकांना दोन गोष्टी विचारा : संडासाबाहेरच्या नळाशी साबण असतो का, आणि पोट बिघडलं म्हणून मावशी घरी राहिल्या तर त्या दिवसाचा पगार कापता का?