गाळलेल्या जागा भरताना : पायथनची डिक्शनरी आणि आपले कवी

कोश हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. आपल्या सुरतेच्या नर्मदचा 'नर्मकोश' १८७३चा. शब्द शोधायचा आणि समोरचा अर्थ वाचायचा. पायथन या संगणकभाषेत हीच सोय आहे आणि तिचं नावही डिक्शनरीच. डावीकडे असते 'की', उजवीकडे 'व्हॅल्यू'. मराठीत 'की' लिहिलं की वाक्य अडखळतं (बघा, अडखळलंच!), म्हणून आपण किल्ली आणि किंमत म्हणू.

छापील कोशात शब्द सापडला नाही तर आपण तो मिटून ठेवतो. प्रोग्रॅमला मात्र 'नसेल तर काय करायचं' हे आधीच सांगून ठेवावं लागतं. ते सांगताना बरेच जण घाई करतात.

समजा, आपल्या मंडळाला मराठी कवींची सूची करायची आहे. किल्ली म्हणजे कवीचं नाव. किंमत म्हणजे पुन्हा एक छोटी डिक्शनरी : जन्मसाल, मृत्युसाल, टोपणनाव, जन्मगाव, हयातीत निघालेले संग्रह. चार-पाच जणांनी मिळून माहिती भरली की जागा रिकाम्या राहणारच. गोविंदाग्रजांसमोर 'नवसारी' असं कोणीतरी हौसेने लिहील, कारण राम गणेश गडकऱ्यांचा जन्म आपल्या शेजारच्या त्या गावातला. दुसऱ्या कवीच्या गावाचा रकाना तसाच राहील.

आता कोडकडे येऊ. इथे मी सगळं देवनागरीत लिहिलंय. गेट, ऑर, इफ, इज, नन हे शब्द टाइप करताना मात्र रोमन लिपीतच टाइप करा. किल्ल्या आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ला चालतात.

कवी["ग्रेस"]

सूचीत ग्रेस नसतील तर प्रोग्रॅम इथेच थांबतो आणि 'कीएरर' दाखवतो. थांबायला नको असेल तर :

कवी.गेट("ग्रेस", "नोंद नाही")

आता चूक न येता 'नोंद नाही' असं उत्तर मिळतं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण गेटला दिलेली ही पर्यायी किंमत किल्लीच नसेल तेव्हाच वापरली जाते. किल्ली असेल आणि तिच्यासमोर 'नन' असेल, तर गेट ते ननच परत देतो. फॉर्ममधला रिकामा रकाना आपल्या डिक्शनरीत बहुधा ननच्या रूपाने येतो, त्यामुळे हा अनुभव लवकरच येतो. मग कोणीतरी शॉर्टकट सांगतं :

नोंद = कवी["बहिणाबाई"]
नोंद.गेट("संग्रह") ऑर "माहिती नाही"

दिसायला हे सुटसुटीत आहे आणि ननच्या जागी बरोबर 'माहिती नाही' येतं. पण बहिणाबाईंच्या बाबतीत हीच ओळ खोटं बोलते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्यापैकी ज्यांची गावं तापीकाठाने भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर आहेत, त्यांना त्यांची भाषा घरचीच वाटते. त्या १९५१ साली गेल्या आणि 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं १९५२ साली. म्हणजे हयातीत निघालेले संग्रह : ०. हे शून्य रिकामं नाही, ती पूर्ण आणि खरी माहिती आहे. केशवसुतांचंही तसंच. ते १९०५ साली गेले, कवितांचं पुस्तक त्यांच्या पश्चात निघालं. पण पायथनमधला 'ऑर' डावीकडे नन आहे का एवढंच बघत नाही. शून्य, रिकामं वाक्य, रिकामी यादी, या सगळ्यांना तो 'नाही'च समजतो. त्यामुळे ज्या कवयित्रीबद्दल आपल्याला नक्की माहिती आहे, तिच्यासमोरच तो 'माहिती नाही' असं छापतो. आणि कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही! म्हणून दोन ओळी जास्त लिहाव्या लागल्या तरी चालेल, पण असं लिहा :

संग्रह = नोंद.गेट("संग्रह")
इफ संग्रह इज नन: संग्रह = "माहिती नाही"

याच्या उलटी घाईही होते : जिथे माहिती नाही तिथे शून्य भरणं. हिऱ्याच्या पुडीवर वजन लिहायचं राहिलं तर सुरतेत कोणी तिथे शून्य कॅरेट लिहिणार नाही, तो पुडी काट्यावर ठेवेल. डेटा भरताना मात्र आपण बिनधास्त शून्य लिहितो. सालांची साधी वजाबाकी केली तर बालकवी (१८९०–१९१८) २८ वर्षं जगले, गोविंदाग्रज (१८८५–१९१९) ३४, बहिणाबाई (१८८०–१९५१) ७१ आणि कुसुमाग्रज (१९१२–१९९९) ८७. बेरीज २२०, सरासरी ५५. आता पाचवा कवी आज हयात आहे असं धरा. त्याच्या आयुष्याचा रकाना रिकामा, तिथे शून्य भरलं की सरासरी होते ४४. हा आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो, म्हणून जास्त धोक्याचा. काही जण रिकाम्या जागी सरासरीच भरतात. मोठ्या आकडेवारीत काही वेळा ते चालतं, पण आपल्या सूचीत एका जिवंत माणसाला आपण पंचावन्नाव्या वर्षी मारलेलं असतं.

टोपणनावाच्या रकान्यात आणखी एक पेच. मर्ढेकरांनी टोपणनाव घेतलं नाही. तिथे नन ठेवलं तर 'आपल्याला ठाऊक नाही' असा अर्थ निघेल. तिथे 'लागू नाही' अशी वेगळी किंमत हवी. माझ्या मते मूळ डिक्शनरीत नन हे ननच राहू द्यावं आणि 'माहिती नाही' हे शब्द पडद्यावर दाखवतानाच घालावेत. एकदा आकड्यांच्या रकान्यात वाक्य शिरलं की पुढची बेरीज बंद पडते.

'सेटडिफॉल्ट' आणि 'डिफॉल्टडिक्ट' यांची एवढीच ओळख : गेट फक्त विचारतो, सेटडिफॉल्ट विचारतो आणि किल्ली नसेल तर नवी नोंदही करतो. डिफॉल्टडिक्टमध्ये चौकटी कंसात नुसतं नाव घातलं तरी नवी किल्ली तयार होते. 'कुसुमग्रज' असं चुकून टाइप केलं तर मराठीत एक नवा कवी जन्माला आला म्हणून समजा. शब्द मोजायला ते उत्तम, कवींच्या सूचीसाठी नको.

आणि किल्ली सापडली नाही म्हणजे माहिती नाहीच, असंही नाही. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२चे. त्याआधीच्या पुस्तकात 'बालकवि' भेटतील, आपण लिहितो 'बालकवी'. माणसाला दोन्ही एकच, पायथनला दोन वेगळ्या किल्ल्या. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा त्याला वेगळी वाटते. म्हणून रिकाम्या जागा भरायला घेण्याआधी सूचीतल्या सगळ्या किल्ल्या एकदा छापून, एकाखाली एक ठेवून वाचा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दहा कवींची डिक्शनरी करून आणावी, आणि तिच्यात एक खरं शून्य, एक नन आणि एक 'लागू नाही' असलंच पाहिजे.