दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात. गेल्या वर्षी दोघांनाही पीआर (कायमस्वरूपी रहिवासाचा दर्जा) मिळालं. मुलीला दिवस गेले आहेत, ऑक्टोबरमध्ये बाळंतपण आहे. आम्ही दोघंही निवृत्त. मला रक्तदाब, हिला मधुमेह. व्हिजिटर व्हिसा काढावा की सुपर व्हिसा, यावर घरात एकमत होत नाही. सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, ‘सुपरच काढा, पाच वर्षं बघायला नको.’ पण दोन्ही व्हिसा दहा-दहा वर्षांचे मिळतात असंही ऐकतो. मग दोघांत फरक काय? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा आम्हीच पीआर का घेऊ नये?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : आजी-आजोबा होताय, मनापासून अभिनंदन. तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. पासपोर्टवरच्या व्हिसावर जी अखेरची तारीख छापलेली असते, ती कॅनडात राहण्याची मुदत असते असं बहुतेकांना वाटतं. तसं ते नाही. त्या तारखेपर्यंत तुम्ही कॅनडाच्या विमानतळावर उतरून प्रवेश मागू शकता, एवढाच तिचा अर्थ. आत किती दिवस राहायचं हे तुम्ही उतरल्यावर तिथला सीमा अधिकारी ठरवतो. व्हिजिटर व्हिसावर त्याने वेगळी तारीख लिहून दिली नाही, तर मुक्काम सहा महिन्यांचा. सुपर व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत. म्हणजे दोन्ही व्हिसा दहा वर्षांचे मिळाले, तरी एकावर दर सहा महिन्यांनी परत यायचं किंवा तिथूनच मुदतवाढ मागायची, आणि दुसऱ्यावर तो प्रश्नच येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून व्हिजिटर व्हिसा आपोआप दहा वर्षांचा मिळेल हे गृहीत धरता येत नाही. किती मुदतीचा द्यायचा ते अधिकारी प्रत्येक अर्ज पाहून ठरवतात.

सुपर व्हिसा आला कुठून, हे कळलं की त्याच्या अटींचा अर्थही लागतो. २०११ साली आई-वडिलांना पीआर देण्याच्या योजनेत दीड लाखाहून जास्त माणसं रांगेत होती. सरकारने नवे अर्ज घेणं थांबवलं आणि त्याच डिसेंबरात हा व्हिसा सुरू केला. आई-वडिलांनी लेकरांजवळ दीर्घकाळ राहावं, पण त्यांच्या औषधपाण्याचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये, असा त्यामागचा हिशेब. सुरुवातीला एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं. ४ जुलै २०२२ पासून ती मुदत पाच वर्षं झाली. व्हिसाच्या दोन मुख्य अटी, विमा आणि मुलीचं उत्पन्न, याच हिशेबातून आलेल्या आहेत.

खरं घोडं अडतं ते विम्यापाशी, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. सुपर व्हिसासाठी माणशी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं, म्हणजे आजच्या भावाने साठ लाख रुपयांच्या आसपासचं, आरोग्य विमा संरक्षण लागतं. पॉलिसी प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाची हवी. नुसतं कोटेशन जोडून भागत नाही, पैसे भरल्याचा पुरावा लागतो. हप्त्यांची सोय घेतली तर निदान पहिली रक्कम भरलेली हवी. पूर्वी ही पॉलिसी कॅनडातल्याच कंपनीची लागायची. जानेवारी २०२५ पासून कॅनडाच्या वित्तीय नियामकाची परवानगी असलेल्या परदेशी कंपनीचीही चालते. पण भारतातल्या कुठल्याही कंपनीची साधी प्रवास पॉलिसी चालेल असा याचा अर्थ काढू नका.

आता तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा मधुमेह. जुन्या आजारांना संरक्षण देणाऱ्या पॉलिसीत बहुधा एक अट असते : पॉलिसी लागू होण्याआधीचे ठरावीक दिवस, कुठे ९० तर कुठे १८०, तो आजार स्थिर असला पाहिजे. हे स्थिर असणं म्हणजे नुसती तब्येत बरी असणं नव्हे. त्या दिवसांत नवी गोळी सुरू झाली, डोस वाढला, डॉक्टरांनी एखादी तपासणी सांगितली आणि ती करायची राहिली, तरी कंपनीच्या लेखी आजार अस्थिर होतो. अनेक पॉलिसींत डोस कमी झाला तरीही. आपल्याकडे परदेशी निघण्याआधी माणूस डॉक्टरांकडे हमखास जाऊन येतो आणि डॉक्टरही काळजीपोटी म्हणतात, ‘तिकडे थंडी फार, अर्धी गोळी वाढवून ठेवू.’ त्या अर्ध्या गोळीची नोंद फाइलमध्ये होते. दोन महिन्यांनी ब्रॅम्प्टनमध्ये छातीत दुखलं, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर कंपनी नाशिकची ती फाइल मागवते आणि दावा नाकारते. पॉलिसी हातात असूनही बिल मुलीच्या माथ्यावर येतं. विमा नसलेल्या पाहुण्याला तिथल्या रुग्णालयाचा एका दिवसाचा खर्च काही हजार डॉलर येतो. तेव्हा गोळ्या बदलायच्याच असतील तर निघण्याच्या चार-सहा महिने आधी बदलून घ्या. नंतर बदलणं वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं ठरलं तर जरूर बदला, पण कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसी कुठल्या तारखेपासून लागू करायची ते पुन्हा ठरवा. आणि अर्जात मधुमेह लपवू नका. त्याने हप्ता कमी होईल, पण विमा असून नसल्यासारखा होईल.

दुसरी अट मुलीच्या उत्पन्नाची. कुटुंबात माणसं किती यावर किमान उत्पन्नाचा आकडा ठरतो आणि तो दरवर्षी बदलतो. माणसं मोजताना तुम्ही दोघंही त्यात येता. आज मुलगी, जावई आणि तुम्ही दोघं मिळून चार. बाळ आलं की पाच. त्यातच मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली की रोजगार विम्यातून तिला पगाराच्या साधारण ५५ टक्केच मिळतात, आणि त्यालाही वरची मर्यादा असते. म्हणजे माणसं वाढतात त्याच वर्षी उत्पन्न घटतं. जावयाचं उत्पन्न यात जोडता येतं. दोघांना कॅनडात कर भरायला लागून फार दिवस झाले नसतील, तर कर खात्याच्या नोटीस ऑफ असेसमेंटबरोबर नोकरीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपाही जोडाव्यात. तुमचे मुलगी-जावई पीआर आहेत म्हणून हा रस्ता खुला आहे. ज्यांची मुलं अजून वर्क परमिटवर किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आहेत, त्या आई-वडिलांना सुपर व्हिसा मिळतच नाही. त्यांनी एजंटाच्या सांगण्यावरून पैसे घालवू नयेत.

व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्ती नाही, उत्पन्नाचा ठरावीक आकडा नाही, आणि मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त नसेल तर सहसा वैद्यकीय तपासणीही लागत नाही. सुपर व्हिसासाठी मात्र कॅनडा सरकारने नेमलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडूनच तपासणी करून घ्यावी लागते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. सक्ती नसली तरी विमा व्हिजिटर व्हिसावरही काढाच, यात दुमत नको. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहावंसं वाटलं तर मुदत संपायच्या निदान तीस दिवस आधी ऑनलाइन अर्ज करायचा. वेळेत अर्ज केला असेल तर उत्तर येईपर्यंत तिथे राहणं कायदेशीर असतं. मंजुरीचा जो कागद येतो त्याला व्हिजिटर रेकॉर्ड म्हणतात. तो राहण्याची मुदत वाढवतो, पण व्हिसा नसतो. एकदा बाहेर पडून परत यायचं तर चालू व्हिसा लागणारच. आणि मंजुरी मिळेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

नातवंडं सांभाळणं हे काम करण्यात मोडतं का, ही शंका बऱ्याच आज्या विचारतात. लेकीच्या घरी राहून मोबदला न घेता बाळ सांभाळणं हे कॅनडाच्या नियमांत नोकरी समजलं जात नाही. शेजारच्या घरचं मूल पैसे घेऊन सांभाळणं मात्र दोन्ही व्हिसांवर बेकायदा आहे.

पीआरबद्दल. आई-वडिलांना प्रायोजित करण्याची योजना आहे, पण तिच्यात शिरायची वाट फार अरुंद आहे. २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारने इच्छुक मुलांकडून फॉर्म भरून घेतले आणि २०२१ ते २०२५ या सगळ्या वर्षांत निमंत्रणं त्याच यादीतून सोडत काढून दिली. तुमच्या मुलीला पीआर गेल्या वर्षी मिळालं, तेव्हा ती त्या यादीत असणं शक्यच नाही. पुढेमागे संधी आली तरी मुलीला तुमच्या खर्चाची वीस वर्षांची लेखी हमी द्यावी लागते (क्वेबेक प्रांतात दहा वर्षांची), आणि सलग तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. पीआर मिळाल्यावर ते टिकवायला दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तुम्हाला कॅनडात राहावं लागेल. नाशिकचं घर, इथली माणसं, इथले डॉक्टर सोडून एवढे दिवस तिथे काढायची तयारी आहे का, हे आधी दोघांनी बसून बोला. माझा अनुभव असा की हा विषय नवरा-बायको एकमेकांशी सगळ्यात शेवटी बोलतात.

ज्यांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेत सुपर व्हिसासारखं काही नाही, पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. ब्रिटनमध्येही सहाच. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून आई-वडिलांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा व्हिसा आहे, पण त्याचं शुल्क हजारो डॉलरांत जातं. न्यूझीलंडने २०२५ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला आहे.

निघण्याआधी इथल्या तीन-चार गोष्टी मार्गी लावा. पासपोर्टची मुदत पाहा. व्हिसा आणि मुक्काम या दोन्हींची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही, म्हणून दोनेक वर्षंच उरली असतील तर आधी नवा पासपोर्ट काढा. नोव्हेंबरात तुम्ही तिथे असाल, तेव्हा पेन्शनसाठी हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा ते शाखेत विचारून ठेवा. इथली मेडिक्लेम पॉलिसी ‘आता आपण इथे नाहीच’ म्हणून बंद पडू देऊ नका. साठीनंतर नवी घ्यायची तर जुन्या आजारांसाठी प्रतीक्षेची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आणि एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवस किंवा त्याहून जास्त कॅनडात राहिलात, तर तिथला कर कायदा तुम्हाला निवासी धरू शकतो. भारत-कॅनडा करारामुळे दुहेरी कर टळतो, पण कुठल्या वर्षी कुठलं विवरणपत्र भरायचं हे तुमच्या सीएला आधीच विचारा. पाच वर्षांच्या मुक्कामाचं स्वप्न दाखवणारे हा मुद्दा कधीच काढत नाहीत.

आता माझं मत. या खेपेला व्हिजिटर व्हिसा काढा. सप्टेंबरात जा, बाळंतपण आणि पहिले महिने पार पाडा, मार्चमध्ये परत या. सहा महिन्यांत ब्रॅम्प्टनचा अख्खा हिवाळा तुम्ही पाहिलेला असेल. डिसेंबर-जानेवारीत साडेचारलाच अंधारून येतं, पदपथांवर बर्फ गोठतो आणि गाडी चालवता येत नसेल तर दिवसच्या दिवस घरात जातात. तिथे मराठी मंडळी भरपूर आहेत, टोरोंटोचं मराठी भाषिक मंडळ जुनं आहे, पण कार्यक्रमाला नेऊन आणायला लेक-जावयालाच सवड काढावी लागते. हे सोसतं की नाही ते तिथे राहूनच कळेल.

शिवाय मुलीला तुमची खरी निकड भासेल ती रजा संपवून ती कामावर रुजू होईल तेव्हा, म्हणजे बहुधा वर्षभराने. तिथल्या पाळणाघरात जागा मिळवणं सोपं नसतं. तेव्हा सलग वर्ष-दीड वर्ष राहायचं ठरलं तर सुपर व्हिसाचा अर्ज करा. पण तो भारतात परत आल्यावर. कॅनडात असताना तो करता येत नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात, त्यामुळे तेवढा खर्च तरी दुसऱ्यांदा लागणार नाही. त्या वेळी उत्पन्नाचा चालू तक्ता कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर मुलीने स्वतः पाहावा, जावयाचं उत्पन्न जोडून हिशेब करावा.

दोन्ही व्हिसांचं सरकारी शुल्क सध्या माणशी शंभर डॉलर, आणि पहिल्यांदा ठसे द्यायचे त्याचे पंच्याऐंशी. अर्ज ऑनलाइन असतो आणि मुलगी तिथे बसून तुमच्यासाठी भरू शकते. ‘पाच वर्षांची गॅरंटी’ म्हणून जो एजंट याहून मोठी रक्कम मागेल, त्याला सरकारी पावती किती रुपयांची मिळणार ते आधी विचारा.